काठापुढची सहा चित्रं

घड्याळमास्तरांच्या घरात एका व्हिडिओ गेमचं नाव काढायला सव्वीस वर्षं बंदी होती. बाकी कशाला नव्हती. शेजाऱ्यांची उणीदुणी चालत, मेव्हण्याची टिंगल चाले, पण 'टपाल्या दोन' एवढे दोन शब्द कानावर पडले की मास्तर भरल्या ताटावरून उठत. एवढ्याशा गोष्टीवरून उपाशी राहू नये हे त्यांनाही कळत होतं, पण रागाला कुठे कळतं?

त्याचं असं होतं की पहिला 'टपाल्या' मास्तरांनी केला होता. एकट्याने. एका लहानशा कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर, यंत्रांनी तापलेल्या खोलीत बसून, चौदा महिने. खेळ म्हणाल तर साधा. खांद्याला पिशवी लावलेला एक टपालवाला डावीकडून उजवीकडे पळतो, खड्डे ओलांडतो, कुत्री चुकवतो आणि शेवटच्या दारात पत्र टाकतो. खाली तपकिरी जमीन, वर निळं आभाळ, एकच धून. तेवढ्यावर पोरं वेडी झाली होती. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रं सरकतात, आणि मास्तर त्यातलं एकेक चित्र मोजून घेत, म्हणून कंपनीने त्यांचं नावच घड्याळमास्तर ठेवलं होतं. टपाल्या एका चित्रात पडद्यावरचे दोन ठिपके पळतो, उडी मारली की बेचाळीस चित्रं हवेत राहतो, हे त्यांना झोपेतून उठवून विचारा, ते सांगणार.

आणि अशा माणसाच्या हातून चूक व्हावी, ती नेमकी वेळेचीच!

झालं काय, खेळ तयार होत असताना टपाल्याचा पाय जमिनीवरून कधी सुटतो हे त्यांना नीट बघायचं होतं. म्हणून त्यांनी यंत्राला सांगून ठेवलं, जमीन संपली तरी लगेच पाडू नकोस, सहा चित्रं थांब आणि मग पाड. चाचणीपुरती ढिलाई. ती काढायची राहून गेली. सहा चित्रं म्हणजे सेकंदाचा दहावा भाग, कुणाच्या डोळ्यांना दिसणार? खेळ तसाच बाजारात गेला.

कंपनीत चुकांची एक वही होती. मास्तरांनीच आणलेली, मास्तरांनीच पट्टीने रकाने आखलेली: क्रमांक, दोष, सही. खेळात काही वेगळं दिसलं की दिसणाऱ्याने त्यात लिहायचं, लहानमोठा कुणीही असो, हा नियमही त्यांचाच. खेळ विकायला लागून महिना झाला होता, तेव्हा त्या वहीत एक्केचाळिसावी नोंद पडली: 'जमीन संपल्यावरही टपाल्या सहा चित्रं हवेत उभा राहतो. तेवढ्यात उडी मारता येते.' खाली सही भिंगरीची.

भिंगरी म्हणजे मास्तरांची मदतनीस. बावीस वर्षांची, एका जागी पाच मिनिटं न बसणारी, म्हणून भिंगरी. मास्तरांनी तिला पहिला ठिपका काढण्यापासून शिकवलं होतं. मालकाने ती नोंद भर बैठकीत मोठ्याने वाचली आणि म्हणाला, "काय हो घड्याळमास्तर, तुमचं घड्याळ सहा चित्रं मागे?" सगळे हसले. मास्तरांनी मान वर केली तेव्हा त्यांना दिसलं, भिंगरीही हसत होती. पुढच्या महिन्यात मालकाने दुसरा भाग करायचं काम भिंगरीला दिलं. मास्तरांनी राजीनामा टेबलावर ठेवला आणि दारातून मागे वळून तिला म्हणाले, "दुसऱ्याने घातलेल्या पायावर भिंत चढवायला अक्कल लागत नाही." मास्तर एका शाळेत गणित शिकवायला लागले, आणि निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिले.

वर्षाने घरी एक पार्सल आलं. आत 'टपाल्या दोन'. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. त्याच आठवड्यात जुना एक सहकारी रस्त्यात भेटला आणि दात काढत म्हणाला, "मास्तर, तुमची ती चूक दुसऱ्या भागातही जशीच्या तशी आहे हो!" मास्तरांचं रक्त उकळलं. म्हणजे पोरीने चूक दुरुस्तही केली नाही, वर माझं हसं गावभर फिरवलं! घरी येऊन त्यांनी पार्सल बायकोच्या हातात दिलं आणि सांगितलं, "फेकून दे." बंदी तेव्हापासूनची.

आता सव्वीस वर्षांनी, एका सोमवारी, फोन आला. एक प्रकाशक दोन्ही 'टपाल्या' एका पेटीत घालून नव्याने काढणार होता. पेटीत एक पुस्तिका, आणि पुस्तिकेच्या पहिल्या पानावर दोन भागांची तुलना.

"ती तुम्हीच लिहायचीय," संपादक म्हणाला. "दुसरा भाग केलेल्या बाईंनी दोन अटी घातल्यात. मास्तर लिहितील तरच माझा खेळ द्यायचा, ही एक. आणि ते जे लिहितील त्यातला काना-मात्राही बदलायचा नाही, ही दुसरी. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत पान पाठवा."

आयती संधी! मास्तरांनी अर्ध्या तासात पान लिहून काढलं. हस्ताक्षर असं सुरेख, की शिव्यासुद्धा सुविचारांसारख्या दिसाव्यात. 'दुसरा भाग म्हणजे थोरल्याच्या खांद्यावर बसून स्वतःला उंच समजणारं कार्टं,' अशी सुरुवात, आणि शेवटाला 'निर्मातीला दोष दिसतात, दुरुस्त करता येत नाहीत.' भिंगरीच्या खेळाला हे वाक्य जन्माचं चिकटणार होतं, आणि तिने स्वतःच त्याला परवानगी देऊन ठेवली होती. मास्तरांनी पान बायकोला वाचून दाखवलं. तीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवलेली बाई. कागदावरची खोट तिला लांबूनही दिसायची.

"खेळ बघितलात?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"बघायचंय काय त्यात? माझंच तर उचललंय."

"असं होय. मग उद्यापासून मीही तुमच्या बहिणीच्या स्वयंपाकाला न जेवताच नावं ठेवते."

"जेवूनही ठेवतेसच की."

"पण जेवते ना आधी?"

बाई उठल्या, "या," म्हणाल्या, आणि मागच्या खोलीत गेल्या. तिथे जुन्या लहान टीव्हीखाली कापडी झाकण घातलेलं काहीतरी होतं. झाकण काढलं तर आत खेळाचं यंत्र, आणि त्यात खोचलेला 'टपाल्या दोन'.

"हे झाकण कधी शिवलंस?"

"तुम्ही नववीला बीजगणित शिकवत होतात तेव्हा."

"म्हणजे तू... सव्वीस वर्षं... माझ्या घरात..."

"तुमच्या एकट्याचं आहे का घर? बसा. आणि ते पान राहू द्या बाजूला, पळून जात नाही ते."

मास्तर बसले. रागावूनच बसले, पण बसले.

खेळ करणाऱ्याला खेळता येतंच असं नाही. मास्तर पहिल्याच खड्ड्यात तीन वेळा पडले. मग बाईंनी त्यांच्या हातातून बटणं काढून घेतली आणि टपाल्या असा निघाला की मास्तर बघत राहिले. बाईंची दहाही बोटं साठी उलटल्यावरही जागच्या जागी होती. पण मास्तरांची नजर बोटांवर नव्हती. टपाल्या एका जागी उभा राहिला की पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत होता. मास्तरांनी आपल्या टपाल्याची सगळी मिळून तीनच चित्रं काढली होती. तो थांबला की खांबासारखा थांबायचा. हा अजून थोडा वेळ उभा राहिला तर इकडेतिकडे बघून हळूच पिशवीतलं एक पत्र उघडून वाचत होता.

"लब्बाड," मास्तर म्हणाले, आणि लगेच घसा खाकरले.

वाटेत टपालपेट्या होत्या. पेटीत पत्र टाकून पुढे गेलं आणि मेलं, तर पुन्हा त्या पेटीपासून सुरुवात.

"सोपं करून ठेवलंय," मास्तर म्हणाले. "माझ्यात मेलं की पहिल्यापासून. त्यात कस लागायचा."

"कस नाही, जीव जायचा. तुमची लग्नाची बायको असून मी तुमचा खेळ एकदाही पूर्ण केलेला नाही, ते का?"

हे मास्तरांना माहीत नव्हतं. त्यांना वाटत होतं, हिने केलाय.

मंगळवार गेला, बुधवार गेला. रोज दुपारची जेवणं झाली की दोघं मागच्या खोलीत. मास्तर वही घेऊन बसत, दोष टिपायला. पहिल्या दिवशी चार दोष सापडले. दुसऱ्या दिवशी एक. तिसऱ्या दिवशी ते दोष टिपायचं विसरलेच. आता प्रामाणिक माणूस म्हणजे पंचाईतच असते हो, राग धरून ठेवायचा म्हटलं तरी डोळे ऐकत नाहीत. पहिल्या भागात टपाल्या नुसता उजवीकडे पळायचा. इथे तो छत्री उघडून छपरांवरून तरंगत खाली येत होता, विहिरीत उतरत होता, धुराड्यातून वर निघत होता. आणि कुत्रा! पहिल्या भागात कुत्रा दिसला की पळायचं, एवढंच. इथे त्याला बिस्कीट टाकलं की तो मागे मागे येई आणि बंद दारं हुंगून काढी. मास्तर पुढे वाकले. कुत्र्याचा डावा कान मोडका होता.

"हा माझा कुत्रा. तो कान माझ्याच हातून वाकडा झाला होता, घाईत."

"तिने नाही सरळ केला," बाई म्हणाल्या.

"माझ्या डोक्यात आलं नाही गं, की तो चावण्याऐवजी सोबत येऊ शकतो." मास्तर बराच वेळ त्या कुत्र्याकडे बघत होते. "चांगलंय हे. फार चांगलंय." इतकं बोलून त्यांना स्वतःचाच राग आला, आणि त्या दिवशी ते चहा न घेताच फिरायला गेले.

शुक्रवार उजाडला. पान अजून टेबलावर तसंच होतं. तीन वाजता बाई म्हणाल्या, "एकच टप्पा राहिलाय. तो बघा आणि मग काय पाठवायचं ते पाठवा. मी मध्ये पडणार नाही."

शेवटच्या टप्प्याच्या तोंडाशी वारा सुटला आणि टपाल्याची छत्री उडून गेली. कुत्रा खाली बसला, पुढे येईना. टपाल्या एकटाच चालायला लागला, तसे पडद्यावरचे रंग एकेक करून गळाले. धुराडी गेली, छपरं गेली. खाली तपकिरी जमीन उरली, वर निळं आभाळ, आणि एक धून सुरू झाली. ती मास्तरांनी चौदा महिन्यांतल्या एका रविवारी, टेबलावर बोटं वाजवत बसवली होती.

"अगं, हे माझं आहे," मास्तर म्हणाले. आवाज बारीक झाला होता.

"मग! हेच तर मी सांगायला आले होते एकदा. ताटावरून उठलात." बाईंनी टपाल्याला पळवत नेलं, शेवटच्या पेटीत पत्र टाकलं, आणि पुढे एक खड्डा आला. पलीकडे एक दार होतं. बाईंनी अगदी काठावरून उडी मारली. टपाल्या पलीकडच्या भिंतीला आपटला आणि खाली गेला. "हा खड्डा. सव्वीस वर्षं मी यात पडतेय. याच्यापलीकडे काय आहे, मला ठाऊक नाही."

"कुणाला विचारायचं. आता सगळ्याची उत्तरं मिळतात."

"विचारून? छे! मग खेळायचं कशाला?"

मास्तरांनी चष्मा पुसला आणि खड्ड्याच्या तळाच्या विटा मोजल्या. सहा. एक वीट सोळा ठिपक्यांची, म्हणजे शहाण्णव ठिपके. टपाल्याची उडी बेचाळीस चित्रांची, दर चित्राला दोन ठिपके, म्हणजे चौऱ्याऐंशी. मास्तरांचा चेहरा असा उजळला, की काय सांगावं!

"बघ! बघ तुझी भिंगरी! ही उडी होतच नाही! बारा ठिपके कमी पडतात. शेवटचा खड्डा, आणि मोजता आला नाही तिला. सव्वीस वर्षं लोक न होणारी उडी मारतायत!" त्यांनी पान पुढे ओढलं, पेन्सिल घेतली आणि समासात लिहिलं, 'बारा ठिपके'.

मग पेन्सिल थांबली.

बारा ठिपके. चित्राला दोन. म्हणजे सहा चित्रं.

त्यांनी आकडेमोड पुन्हा केली, खालून वर केली, वरून खाली केली. गणिताचे मास्तर ते, उत्तर बदलेना. काठावरून उडी मारली तर हा खड्डा कधीच ओलांडता येणार नव्हता. काठ संपू द्यायचा, पायाखाली काही नसताना पुढे जायचं, आणि मग उडी मारायची. तरच.

"काय झालं हो?" बाईंनी विचारलं.

"राहून गेलेली नाही ती," मास्तर म्हणाले. "माझी चूक. तिने ठेवलीय. मापून ठेवलीय गं. हा अख्खा खड्डा माझ्या चुकीच्या मापाचा खणलाय." सव्वीस वर्षं ज्याला ते चेष्टा समजत होते, ती चेष्टा नव्हती, आणि आता या वयात ते कळून त्यांना आनंदही होईना, नुसती लाज वाटत होती. बाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

जरा वेळाने मास्तरच म्हणाले, "घे बटणं हातात. पेटीपासून निघालं की धून पहिल्यापासून सुरू होते ना? पेटीपासून काठ वीस विटा. म्हणजे दहाव्या ठोक्याला काठ येणार. ठोक्यावर दाबायचं नाही. दहावा पडू दे, आणि मग."

"मग म्हणजे कधी?"

"मी सांगतो."

ते बाईंच्या मागे उभे राहिले आणि त्यांच्या खांद्यावर बोटाने ठोके द्यायला लागले. पहिल्यांदा बाईंनी घाई केली. सवयच तशी, काठ दिसला की बोट दाबलं जायचं. "शहाण्यासारखी नको मारूस उडी," मास्तर म्हणाले. दुसऱ्यांदा उशीर झाला. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, नवव्यांदा. घड्याळात साडेचार वाजून गेले. अकराव्या वेळी दहावा ठोका पडला, टपाल्याच्या पायाखालची जमीन संपली, तो हवेत एक पाऊल चालला, दोन चालला, आणि मास्तरांचं बोट खांद्यावर टेकलं. बाईंनी दाबलं. टपाल्या उडाला. पलीकडच्या विटेला त्याच्या बुटाचं नुसतं टोक लागलं. पण भिंगरीने तेवढीही दया ठेवली होती, टोक लागलं तरी पुरे होतं.

"गेला!" बाई ओरडल्या. "अहो, गेला!" आणि त्यांनी बटणं मांडीवर टाकून दोन्ही हात तोंडावर ठेवले.

टपाल्याने दारात पत्र टाकलं. पडद्यावर काळोख झाला आणि खालून वर नावं सरकायला लागली. त्या कंपनीत सगळे टोपणनावानेच ओळखले जात, तशीच ती नावं होती. चित्रं कुणाची, आवाज कुणाचे, यंत्राची भाषा कुणाची. भिंगरीचं नाव इतरांच्या रांगेत कुठेतरी येऊन गेलं. मग पडदा रिकामा झाला, आणि सगळ्यांत शेवटी एकच ओळ वर आली आणि मध्यभागी थांबली.

काठ: घड्याळमास्तर

बाई रडत होत्या. मास्तरांनी टेबलावरचं पान उचललं, चार तुकडे केले, आणि नव्या कागदावर लिहायला बसले. त्यांच्या नेहमीच्या सुरेख अक्षराची पार वाट लागली होती. पाचला तीन मिनिटं कमी असताना त्यांनी संपादकाला फोन करून मजकूर वाचून दाखवला: 'तुलना करायला सांगितली आहे. दुसरा भाग पहिल्यापेक्षा चांगला आहे, सगळ्याच बाबतींत. पहिल्यात एकच गोष्ट मोठी होती, ती मला दिसली नाही. जिला दिसली तिने दुसरा भाग केला. पायावर भिंत चढवायला अक्कल लागत नाही असं मी एकदा म्हणालो होतो. ते चूक होतं, असं इथे छापावं. काना-मात्रा बदलू नये.'

मग त्यांनी भिंगरीचा नंबर मागून घेतला.

घंटा बराच वेळ वाजली. "हॅलो?" आवाज आता पोक्त झाला होता.

"मी बोलतोय," मास्तर म्हणाले. "घड्याळ."

"सर, गेलात पलीकडे?"

"ही गेली. मी ठोके मोजले." मास्तरांनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला. "एक विचारू? एवढं आवडलं होतं, तर दोषांच्या वहीत का लिहिलंस गं?"

"तुमचाच नियम होता ना सर, वेगळं दिसलं की लिहायचं. मला तर हवेत चालल्यासारखं वाटलं होतं त्या दिवशी. धावतच गेले लिहायला. मालकांनी वाचलं तेव्हाही मला वाटलं, आता तुमचं कौतुक होणार, म्हणून हसले मी." ती थांबली. "पण तुम्ही आखलेल्या वहीत दोषाशिवाय दुसरा रकानाच नव्हता, सर."

मास्तरांनी तोंड उघडलं. शब्द आला नाही. पुन्हा उघडलं. बाईंनी त्यांच्या हातातून फोन घेतला.

"थांब हं जरा," बाई म्हणाल्या. "बोलणार आहेत ते. थोडा वेळ लागतोय."

"लागू द्या," भिंगरी म्हणाली. "मी आहे."